होळीच्या आंब्याचं गाऱ्हाणं

"हीच यंदाची होळी," भाई परब म्हणाले आणि त्यांनी आंब्याच्या बुंध्यावर दोनदा थाप मारली, बाजारात बैल पसंत पडल्यावर मारतात तशी. "असो सरळ आंबो आता आख्ख्या गावात गावूचो नाय."

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मानकऱ्यांनी माना मागे टाकून शेंडा बघितला. कुणीतरी पिशवीतून नारळ काढून मुळाशी ठेवला. झालं. नारळ ठेवला की झाड देवाचं झालं, पुढे त्यावर कुणी बोलायचं नाही, अशी आमच्या साकवलीची रीत.

मी आंब्याच्या खालच्या अंगाला, झऱ्यावर होते. कळशी कधीच भरली होती आणि पाणी काठावरून वाहून चाललं होतं.

"भाई, हा आंबा नका तोडू," मी खालूनच म्हटलं. "झरा आटेल."

सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. भाई हसले. दुष्टपणाने नव्हे, लहान मुलाने मध्येच काही बोलल्यावर मोठी माणसं हसतात तसं.

"जानू घाड्याची सून ती," एकजण म्हणाला. "घाटावरची. तक्तेवाली."

मग बाकीचेही हसले आणि हसत हसतच पाणंदीने वर निघून गेले. नारळ तेवढा मुळाशी राहिला.

आता हा तक्ता काय ते सांगायला हवं. मी कराडची. वनस्पतिशास्त्र शिकले आणि लग्न होऊन कोकणात आले. नवरा कणकवलीला वर्कशॉपमध्ये, शनिवारी यायचा. घरात मी आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. दिवसभर करायचं काय, म्हणून गावाला शहाणं करायचं मी मनावर घेतलं. त्या वर्षी ग्रामसभेत मी झाडांचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. रात्र जागून रंगवलेला तक्ता भिंतीला लावला, निळ्या पेन्सिलीने जमिनीतलं पाणी दाखवलं, पट्टीने मुळं दाखवली आणि सांगितलं की झाडाची मुळं पावसाचं पाणी जमिनीत धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात ते हळूहळू झऱ्याला देतात. मागून आवाज आला, "म्हणजे झाडां पावसात पितत आणि उन्हाळ्यात मुततत काय गो?" सभा अशी हसली की सरपंचांना टेबल वाजवावं लागलं. त्या दिवसापासून मी तक्तेवाली.

आणि होळीचंही सांगते, कारण घाटावर होळी म्हणजे लाकडांचा ढीग. आमच्याकडे तसं नाही. इथे होळी उभी करतात. एक उंच सरळ झाड तोडायचं, आख्ख्या गावाने खांद्यावर घ्यायचं, जमिनीला टेकू न देता देवळापुढच्या मांडावर, म्हणजे सणाच्या पटांगणात, आणायचं आणि खड्ड्यात उभं करायचं. त्याआधी झाडाच्या मुळाशी उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने केलेलं निवेदन. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सगळ्या गावाने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" एकदा गावाने देवापुढे व्हय म्हटलं की तो शब्द मागे घेता येत नाही. गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या घाड्यांच्या घरचा. म्हणजे आमच्या घरचा. म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, ज्यांना सगळं गाव जानू म्हणायचं आणि मी आबा.

तेव्हा मी कळशी तशीच टाकून घरी धावले. आबा ओसरीवर सुतळी वळत बसले होते.

"आबा, भाईंनी झऱ्यावरच्या आंब्याला नारळ ठेवला."

"बघितलंय," आबा म्हणाले. "हयसून दिसता."

"मग? तुम्ही काही बोलणार की नाही?"

"दुपारी देवळात बैठक आसा. बघूया."

दुपारी दिव्याला तेल घालायचं निमित्त करून मीही देवळात गेले आणि गाभाऱ्याच्या बाजूच्या खांबाआड वात पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले.

भाई परब म्हणजे गावातलं पहिलं घर. उंच, धिप्पाड, आवाज असा की ते पाणंदीत बोलले की गोठ्यातली जनावरं कान टवकारत. गाऱ्हाण्यातलं पहिलं "व्हय" त्यांचं, मग मागून गाव. त्यांचं एक दुःख होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागल्या शिमग्याला ओढ्यापलीकडच्या गावाची होळी आमच्यापेक्षा उंच झाली होती, आणि बाजारात त्यांना कुणीतरी विचारलं होतं, "काय भाई, तुमी यंदा होळी उभी केलात का गुरां हाकूची काठी?" तेव्हापासून हा माणूस झाडांच्या शेंड्यांकडे बघत हिंडत होता.

"भाई," आबांनी हळूच सुरुवात केली, "दुसरां झाड नाय काय गावात?"

"खय आसा? दाखय."

आबा दाखवणार काय? सरळ आंबे दरवर्षी होळीला गेले, उरलेले खोक्यांच्या फळ्यांना आणि विटांच्या भट्टीला. वाकडेतिकडे होते म्हणून काही वाचले, माणसांतही होतं तसं.

"आणि एक सांगून ठेवतंय जानू," भाई म्हणाले. "सुनेच्या नादाक लागान गाऱ्हाण्यात फाटे फोडू नको. रीतीप्रमाण गाऱ्हाणा होवक होया. नायतर घाड्यांच्या घरातलो मान दुसऱ्या घरात जावक वेळ लागाचो नाय."

मान जाणं म्हणजे काय हे मला तेव्हा पुरतं कळत नव्हतं, पण आबांचे कान लाल झालेले मी पाहिले.

"रीतीप्रमाणच होतला," आबा म्हणाले. मग जरा थांबून, अगदी भोळेपणाने त्यांनी विचारलं, "पण पुरा घालू का आटोपता? हल्ली आपण आटोपताच घालतंव."

"पुरा!" भाईंनी मांडीवर थाप मारली. "होळी मोठी, गाऱ्हाणा पण मोठा होया. माझ्या आज्याच्या वेळेक घालीत तसा."

"बरां," आबा म्हणाले.

बस्स, एवढंच. बरां! घरी येईपर्यंत मी ओठ आवळून धरले आणि उंबऱ्याच्या आत पाऊल पडताच सोडले.

"आबा, तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत!"

"बोललंय मगे. बरां म्हटलंय."

"तुमच्या आंब्यावर कुऱ्हाड पडणार आणि तुम्हीच ती घाला म्हणून देवाला सांगणार?"

"आंबो माझो नाय गो बाय. गावाचो आसा."

त्यावर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. सून सासऱ्याशी बोलत नाही म्हणजे काय करते, तर पेजेचं ताट जरा जोरात ठेवते. चहा देते पण ऊन ऊन देत नाही. मीठ विचारत नाही. मी हे सगळं केलं आणि आबांनी ते सगळं निमूटपणे गिळलं, वर काठी घेऊन गावात हिंडायला लागले.

होळीपर्यंतचे ते सगळे दिवस हा माणूस घरात टिकला नाही. सकाळी पेज पिऊन निघाले की या घरी चहा, त्या घरी सरबत, तिसऱ्या घरी पान. म्हाताऱ्याला झालंय तरी काय, मला कळेना. एकदा झऱ्यावर शेजारची सुलग्नाकाकी भेटली.

"आबा काल आमच्याकडे इल्ले," ती म्हणाली. "लोणच्याचा इचारीत होते."

"कसलं लोणचं?"

"ह्याच आंब्याच्या कैरीचा. कितके वर्षां घालतंस, सासू पण घालीत होती काय, बरणी दाखय. बरणी उघडून वास घेतल्यानी आणि गेले."

मी कपाळावर हात मारला. झाड मरायला टेकलंय आणि यांच्या तोंडाला लोणच्याचं पाणी सुटलंय! दुसऱ्या दिवशी कळलं की भाईंच्या म्हाताऱ्या बायोआत्याकडे आबा आख्खी दुपार बसून होते. दोघांनी मिळून पानाचा डबा रिकामा केला. खालच्या वाडीतल्या लोकांना ते जुन्या वादळाच्या गोष्टी विचारत होते म्हणे. वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं, बरळतात. पण राग काही जाईना.

पहाटे गोठ्यातून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. गाईला गवत घालता घालता गाऱ्हाणं पाठ करत असावेत. मी शेणाची पाटी घेऊन गेले की गप्प व्हायचे.

एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा ते समोर येऊन बसले.

"गो बाय, त्या तुझ्या तक्त्यात ता पाण्याचा काय होता?"

"कशाला? सगळं गाव हसलं ते पुरे नाही झालं?"

"सांग तरी."

मी सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे न बघता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखं घडाघडा म्हटलं, "झाडाची मुळं पावसाचं पाणी जमिनीत धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात ते हळूहळू झऱ्याला देतात."

आबांचे ओठ हलले. "परत सांग."

"आबा, थट्टा करताय माझी?" मी सूप उचललं आणि आत निघून गेले. मागे वळून बघितलं असतं तर काही कळलं असतं कदाचित. पण मी वळले नाही, आणि खांबाला टेकून रडले मात्र.

होळीचा दिवस उजाडला. सकाळपासून ढोल घुमत होते. ऊन चढायच्या आत सगळं गाव झऱ्यावर जमलं. पुरुष आंब्याभोवती, बायका वरती पाणंदीच्या कडेला. बायकांनी गाऱ्हाण्यात व्हय म्हणायची रीत नव्हती. त्यांनी लांबून हात जोडायचे. मला जायचं नव्हतं, पण वाटलं, त्या झाडाचं पाणी आपण रोज भरतो, शेवटी आपलं कुणीतरी तिथे असायला हवं. म्हणून गेले आणि सुलग्नाकाकीच्या मागे उभी राहिले.

भाईंनी नवा फेटा बांधला होता. बाळगो सुतार कुऱ्हाड घेऊन तयार होता. पहिला घाव त्याच्या घराचा. कुऱ्हाडीच्या पात्याला कुंकू लावलेलं लांबूनही दिसत होतं. आबा अनवाणी, पांढऱ्या धोतरात, नारळ हातात घेऊन झाडाच्या मुळाशी उभे राहिले. त्यांनी वर एकदा शेंड्याकडे बघितलं. मोहोर झडून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. मी मान खाली घातली. बघवेना.

"बा देवा रवळनाथा!" आबांचा आवाज चढला. घरात तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या या माणसाचा गाऱ्हाण्यातला आवाज मी पहिल्यांदाच एवढा नीट ऐकत होते. "आज शिमग्याच्या सणाक तुझी सगळी लेकरां ह्या आंब्याच्या मुळात उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आधी भाई, मग सगळं गाव.

"देवाक काय देतंव, ता सांगल्याबिगर देवचा नाय, अशी वाडवडलांची रीत आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जुन्या माणसांनी माना हलवल्या. तरुण पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कलम त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. आटोपतं गाऱ्हाणं घालायची सवय लागल्यापासून ते गळूनच गेलं होतं.

"ह्या आंब्याच्या कैरीचा लोणचा ह्या गावात घराघराच्या बरणीत आसा. पेजेबरोबर दुसरा कायच नसला तरी ता असता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझी मान वर आली.

"गावात लगीन लागला की मांडवार पानांचो टाळ ह्याच आंब्याचो चढता. त्या मांडवाखालसून गेलेले सगळे संसार, भांडत का होईना, उभे आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला हसू फुटलं, आणि म्हणताना कुणीतरी बायकांकडे वळूनही बघितलं.

"मोठ्या वादळात वरची दरड कोसळली, ती ह्याच मुळांनी धरून ठेवल्यानी. खालच्या वाडीतली माणसां सकाळी आपापल्या घरात जिती उठली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खालच्या वाडीचे लोक डाव्या बाजूला उभे होते, त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

आता मला कळायला लागलं होतं. लोणच्याची बरणी, वादळाच्या गोष्टी, बायोआत्याकडची दुपार. मी सुलग्नाकाकीचा हात घट्ट धरला.

"एका वर्षी," आबा म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा खाली आला, तसं गावही पुढे सरकलं, "परबांची सरस्वती, दिवस भरलेली, डोक्यावर गवताचो भारो घेवन हयसून जाय होती. ह्या झाडापर्यंत इली आणि पुढे जावक जमला नाय. हयसरच बाळंत झाली. त्या झिलाक पयली सावली घराची नाय, ह्या आंब्याची पडली रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

पहिला आवाज भाईंचा. जन्मभराच्या सवयीने तो निघाला आणि अर्ध्यात अडकला. बाकीच्या गावाने तो उचलून पुरा केला. भाई तोंड उघडं ठेवून उभे राहिले. सरस्वती म्हणजे त्यांची आई. आणि तो झिल म्हणजे ते स्वतः.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते पुढे गेले.

"आमच्या घरात घाटावरसून एक लक्षुमी इली. तिना गावाक एक गोष्ट सांगितल्यान, आणि गाव तिका हसलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एकसुरात म्हणालं. आपण काय कबूल केलं हे म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"ती सांगत होती, ह्या झाडाची मुळां पावसाचा पाणी जमनीत धरून ठेवतत. आणि वैशाखात, जेव्हा सगळ्यांच्या बावी कोरड्या पडतत, तेव्हा ता हळूहळू झऱ्याक देतत. म्हणान ह्या गावातल्या बायलमाणसांची कळशी भरता रे म्हाराजा!"

पुरुषांनी श्वास घेतला, पण त्यांच्या आधी पाणंदीवरून आवाज आला. आधी सुलग्नाकाकीचा, मग तिच्या पलीकडचीचा, मग सगळ्यांचा. बारीक, बिचकलेला, पण सगळ्यांचा.

"व्हय म्हाराजा!"

उन्हाळाभर डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायका त्या. त्यांना तक्ता लागत नव्हता. पण व्हय म्हणायला त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं की नाही मला आठवत नाही. खाली पुरुषांनी वळून वर पाहिलं. कुणीच ओरडलं नाही.

आबांनी नारळ कपाळाला लावला.

"असा आसा ह्या झाड. नारळ ठेवलो, म्हणजे ह्या आता तुझा झाला. जा काय देवाचा, ता देवान राखूक होया. तुझ्या झाडार जो कोण हात टाकीत, तेचा तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं गाव घसा फोडून ओरडलं. ढोल एकदा वाजला आणि वाजवणाऱ्याचा हात तिथेच थांबला.

मग झऱ्याचं पाणी तेवढं ऐकू आलं. बाळगो सुताराने हातातल्या कुऱ्हाडीकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि कुऱ्हाड हळूच जमिनीवर ठेवून हात धोतराला पुसले.

"जानू," भाई म्हणाले. "ह्या काय करून बसलंस?"

"मी?" आबा म्हणाले. "मी रीतीप्रमाण घातलंय. पुरा घाल म्हणान तुमीच सांगितलात. आणि मी एकटोच बोललंय भाई. व्हय सगळ्या गावान म्हटल्यान. तुमी पयले."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. आता म्हणतील, मान काढला. आता म्हणतील, उद्यापासून घाड्यांचं घर मागे. आबा नारळ धरून ताठ उभे होते.

भाई पुढे आले. झाडापाशी गेले आणि बुंध्यावर हात ठेवला. या खेपेला थाप नव्हती. हात नुसता ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आवशीचा तुका कोणी सांगितल्यान?"

"बायोआत्येन."

"माका म्हायत होता," भाई म्हणाले. "ल्हान असताना आवस दाखयत असे, हयसर झालंस म्हणान." त्यांनी वर शेंड्याकडे बघितलं. "इसारलंय मी."

मग भाई एकदम वळले आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला.

"मगे होळी खयची? रिकाम्या मांडार गाव नाचवू? देवाक काय सांगू, आमी व्हय म्हटलंव म्हणान यंदा होळी नाय?"

आबांनी झाड वाचवण्यापुरताच विचार केला होता. भाईंनी फेटा काढून डोकं खाजवलं, पुन्हा बांधला.

"माझ्या बागेत एक पोफळ आसा," ते शेवटी म्हणाले. "वीज पडान सुकलेली. पण उंची बघशात तर..." आणि उंची आठवल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. "ओढ्यापलीकडच्यांची काय बिशाद!"

"पण होळी आंब्याची असता भाई," बाळगो सुतार म्हणाला.

"एक टाळ मागान घेवया," आबा म्हणाले. "शेंड्याक बांधूया. एका टाळाक आंबो नाय म्हणाचो नाय."

तसंच झालं. आबांनी झाडाला हात जोडून एक पानांची डहाळी काढून घेतली. सुकलेली पोफळ गावाच्या खांद्यावरून नाचत मांडावर आली आणि शेंड्याला आंब्याचा टाळ बांधून उभी राहिली. पलीकडच्या गावापेक्षा ती उंच होती की नाही हे कुणी मोजलं नाही, पण भाईंनी ते बाजारात वर्षभर सांगितलं. मानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

घरी आल्यावर मी चहा केला. ऊन ऊन, आलं घालून. आबा ओसरीवर पाय पसरून बसले होते, आवाज पार बसला होता. कप त्यांच्यापुढे ठेवून मी तिथेच खाली बसले.

"आबा, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुका सांगितलं असतंय तर तू तक्तो घेवन भाईंच्या दारात गेली असतंस," आबा म्हणाले.

ते खरंच होतं.

"बाकीचा सगळा सोपा होता," चहाचा घोट घेत ते म्हणाले. "ता तुझा पाण्याचा वाक्य लय कठीण. गोठ्यात गाईक सतरांदा म्हणान दाखवलंय. पाठच होय नाय. आणि तू परत सांगूक तयार नाय."

मी हसायला गेले आणि रडायला लागले. आबांनी नुसतं डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने कप पुढे केला, साखर कमी पडली म्हणून.

या गोष्टीला तीसेक वर्षं होऊन गेली. आबा गेले, भाईही गेले. आंबा आहे. पुढच्याच वर्षीपासून भाईंनी नवी रीत पाडली: होळीला काहीही तोडलं, तरी त्याच दिवशी पाणंदीला आंब्याची बाठ, म्हणजे कोय, लावायची. हट्टी माणूस, गावाकडून ती पाळून घेतली. आज पाणंदीने चालताना डोक्यावर ऊन लागत नाही. सरळ वाढलेले आंबेही त्यात पुष्कळ आहेत, पण कुणी त्यांच्याकडे होळीच्या नजरेने बघत नाही.

गाऱ्हाणं आता माझा नवरा घालतो. शिमगा जवळ आला की लोक आमच्या ओसरीवर येतात, पाणी पितात, इकडचं तिकडचं बोलतात आणि जाताना दारात थांबून म्हणतात, "आमचा पण एक घाल." मग कळतं की कुणाच्या पोराने या आंब्याखाली बसून अभ्यास केला, कुणाचं मधाचं पोळं तिथे आहे, कुणी मुंबईहून आजारी होऊन आला तो दुपारी तिथे खाट टाकून झोपला आणि बरा झाला. गाऱ्हाणं दरवर्षी लांबतंय. आता ते आटोपतं घालायचं म्हटलं तर गाव भांडायला उठेल.

आणि दरवर्षी नवरा त्या वाक्यापाशी येतो. घाटावरची लक्षुमी, गावाचं हसणं, मुळांनी धरलेलं पाणी. तिथे सगळे पुरुष गप्प होतात आणि पाणंदीकडे बघतात. आता ते व्हय आमचं आहे. मी सगळ्यांच्या पुढे उभी असते, पदर खोचून, आणि पहिला आवाज माझा असतो.

"व्हय म्हाराजा!"